शस्त्रक्रियेआधीचं एक ग्लास पाणी: ऑनलाइन प्रशिक्षण वॉर्डात उतरवताना

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका मध्यम आकाराच्या रुग्णालयातल्या शस्त्रक्रिया विभागाचं आहे. ओळख पटू नये म्हणून काही हुद्दे आणि तपशील बदलले आहेत. घटनांचा क्रम आणि आमच्या चुका मात्र जशाच्या तशा ठेवल्या आहेत.

संशोधनातले निष्कर्ष रोजच्या कामात कसे आणायचे, हे आरोग्य कर्मचाऱ्यांना शिकवणारा आठ आठवड्यांचा ऑनलाइन अभ्यासक्रम आम्ही चालवत होतो. मी त्यात मार्गदर्शक होते. पहिल्या चार आठवड्यांत प्रश्न नेमका मांडणं, पुरावा शोधणं आणि तो पारखणं शिकवायचं. पुढच्या चार आठवड्यांत प्रत्येक गटाने आपल्याच विभागातली एक पद्धत निवडून ती बदलून पाहायची. धडे रेकॉर्ड केलेले होते, आठवड्यातून एकदा थेट सत्र व्हायचं. या विभागातून पाच जणांनी नावं दिली: वॉर्डच्या इनचार्ज सिस्टर, तीन स्टाफ नर्स आणि एक फिजिओथेरपिस्ट.

विषय निवडताना गटात हातांची स्वच्छता, दीर्घकाळ पडून राहणाऱ्या रुग्णांच्या जखमा आणि शस्त्रक्रियेआधीचा उपवास अशा तिन्ही गोष्टी पुढे आल्या. रात्रपाळीच्या एका सिस्टरांच्या बोलण्याने निर्णय झाला. त्या म्हणाल्या, "रात्री बाराला मी पेशंटच्या उशाशी ठेवलेली पाण्याची बाटली उचलते. दुसऱ्या दिवशी दुपारी तोच पेशंट कोरड्या ओठांनी ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) जातो. मी हे का करते, हे मला कुणी कधी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही."

विषय चांगला होता, कारण यात पुरावा पक्का आहे आणि मोजमाप सोपं. उपवासाचं मूळ कारण खरं आहे. भुलेखाली घशाचं संरक्षण करणाऱ्या प्रतिक्षिप्त क्रिया मंदावतात. त्या वेळी जठरातलं काही वर आलं तर ते फुफ्फुसात जाऊ शकतं. कर्टिस मेंडेलसन यांनी १९४६ मध्ये प्रसूतीच्या वेळी भूल दिलेल्या स्त्रियांबद्दल हे सविस्तर मांडलं. त्यांनी पाहिलेल्या ४४,०१६ गर्भवतींपैकी ६६ जणींच्या बाबतीत असा प्रकार घडला होता आणि दोघी दगावल्या होत्या. त्या दोघी घन अन्नाने श्वास कोंडून गेल्या, हा तपशील पुढे मागे पडला. "बारानंतर तोंडात काही नाही" हा सरसकट नियम जगभर रुजला आणि अन्नाच्या धाकात पाणीही बंद झालं. जोसेफ लिस्टर यांनी तर १८८३ मध्येच लिहून ठेवलं होतं की क्लोरोफॉर्म देताना जठरात घन पदार्थ नसावा, पण दोन तास आधी कपभर चहा दिलेला हितकारक ठरतो.

पाणी जठरात फार वेळ थांबत नाही. निरोगी माणसात त्यातलं निम्मं साधारण दहा ते वीस मिनिटांत पुढे सरकतं. उलट रिकाम्या जठरातही पाचकरस झिरपत राहतो. त्यामुळे जास्त तास उपाशी राहिल्याने जठर जास्त रिकामं होतं, असं नाही. वैद्यकीय चाचण्यांचे पद्धतशीर आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २००३ च्या आढाव्यात प्रौढांवरच्या २२ चाचण्या एकत्र पाहिल्या गेल्या. अलीकडे पाणी प्यायलेल्या आणि रात्रभर कोरडं ठेवलेल्या रुग्णांच्या जठरातल्या द्रवात धोका वाढवणारा फरक त्यात दिसला नाही. अमेरिकन सोसायटी ऑफ ॲनेस्थेसिऑलॉजिस्ट्स या संस्थेने १९९९ मध्येच, नियोजित शस्त्रक्रियेच्या निरोगी रुग्णांना दोन तास आधीपर्यंत पाण्यासारखे नितळ द्रव आणि सहा तास आधीपर्यंत हलकं खाणं चालेल, अशी मार्गदर्शक तत्त्वं दिली. २०११ मध्ये युरोपीय भूलतज्ज्ञांच्या संस्थेनेही तेच सांगितलं.

अडचण

पाचही जणांनी अभ्यासक्रम मन लावून केला. चौथ्या आठवड्याच्या चाचणीत सगळ्यांना उत्तम गुण मिळाले. इनचार्ज सिस्टरांनी वॉर्डातल्या इतर सिस्टरांचंही तासाभराचं सत्र घेतलं. आम्ही खूश होतो.

सुरुवातीला गटाने नियोजित शस्त्रक्रियेच्या पंचवीस रुग्णांच्या नोंदी घेतल्या होत्या. शेवटचा घोट कधी घेतला आणि भूल कधी दिली, एवढंच लिहायचं. निम्म्याहून जास्त रुग्ण बारा तासांपेक्षा जास्त वेळ पाण्याविना होते. सहाव्या आठवड्यात पुन्हा पंचवीस नोंदी घेतल्या. चित्र तेच होतं. थेट सत्रात इनचार्ज सिस्टरांनी तो कागद कॅमेऱ्यासमोर धरला. बराच वेळ कुणी काही बोललं नाही.

माझी पहिली प्रतिक्रिया चुकीची होती. आणखी एक धडा जोडू, रात्रपाळीच्या सिस्टरांसाठी वेगळं सत्र ठेवू, असं मी सुचवलं. ज्या सिस्टरांनी विषय आणला होता त्यांनी मला थांबवलं. "मॅडम, मला नियम पाठ आहे. पण सातला पाणी दिलं आणि साडेआठला त्याच पेशंटला बोलावलं तर? केस पुढे ढकलली की नाव माझं येतं. पाणी नाही दिलं तर कुणी काही विचारत नाही."

या प्रकरणातली सर्वांत मोलाची माहिती या चार वाक्यांत होती, आणि आमच्या अभ्यासक्रमात ती विचारण्याची जागाच नव्हती.

मग आम्ही रात्री दहापासून दुसऱ्या दिवशी भूल देईपर्यंत काय काय घडतं, ते त्यांच्याकडून तासातासाने लिहून घेतलं. ओटी लिस्ट, म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या शस्त्रक्रियांची यादी, संध्याकाळी वॉर्डात येते, पण तिच्यावरचा क्रम सकाळी बदलतो. एखाद्याचा रिपोर्ट यायचा असतो, एखादं उपकरण निर्जंतुक होऊन आलेलं नसतं, कधी सर्जन क्रम बदलतात. वॉर्डाला हा बदल कळतो तो थेट रुग्णाला न्यायला माणूस आल्यावर. ऑर्डर शीटवर "रात्री १२ नंतर एनबीएम" (निल बाय माउथ, म्हणजे तोंडाने काही देऊ नये) ही ओळ छापलेलीच असते, भूलतज्ज्ञ त्याखाली सही करतात. म्हणजे सिस्टरांना पाणी द्यायचं तर छापील आदेश मोडावा लागणार, तेही वेळ ठाऊक नसताना.

वागण्यातला बदल समजून घेण्यासाठी सुझन मिकी आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये मांडलेली एक चौकट आम्ही शिकवत होतो: माणसाकडे क्षमता हवी, संधी हवी आणि प्रेरणा हवी. सिस्टरांकडे क्षमता आणि प्रेरणा दोन्ही होत्या. संधी शून्य होती. हा धडा आमच्याच अभ्यासक्रमात तिसऱ्या आठवड्याला होता. तो आम्ही स्वतः वापरला नव्हता.

समोर असलेले पर्याय

पुन्हा प्रशिक्षण देणं सर्वांत सोपं होतं, कारण ते आमच्या हातात होतं. कॉक्रेनच्या २०१८ च्या आढाव्यात आरोग्य व्यावसायिकांच्या ई-लर्निंगवरच्या १६ चाचण्या तपासल्या गेल्या. पारंपरिक शिकवणीच्या तुलनेत रुग्णांवरच्या परिणामांत किंवा कर्मचाऱ्यांच्या वागण्यात फारसा फरक पडत नसावा, असा त्याचा कल होता. धडा पडद्यावर द्या की वर्गात, गाडं तिथेच अडणार असेल तर माध्यम बदलून ते हलत नाही. हा पर्याय आम्ही सोडला.

दुसरा पर्याय नोंदी घेऊन त्या वॉर्डाला पुन्हा पुन्हा दाखवत राहण्याचा होता. त्याचा उपयोग होतो. १४० अभ्यास पाहणाऱ्या २०१२ च्या कॉक्रेन आढाव्यात अशा प्रतिसादाने अपेक्षित वर्तनात, मधोमध येणारा आकडा (मध्यक) धरला तर, ४.३ टक्के बिंदूंची वाढ दिसली होती. आधीची कामगिरी कमकुवत असेल आणि उद्दिष्टासोबत कृतीचा आराखडा दिला असेल, तर परिणाम जास्त होतो. पण आमच्याकडे आराखडाच नव्हता. ज्यांच्या हातात निर्णय नाही त्यांना दर महिन्याला त्यांचं अपयश दाखवणं मला क्रूरपणाचं वाटलं. आजही वाटतं.

तिसरा पर्याय, प्रशासनाकडून परिपत्रक काढून घेणं. फिजिओथेरपिस्ट या बाजूचे होते. आदेश वरून आला की सिस्टरांना संरक्षण मिळेल, असं त्यांचं म्हणणं. इनचार्ज सिस्टरांना ते पटलं नाही. भूलतज्ज्ञांना न विचारता काढलेल्या परिपत्रकावर पहिली केस रद्द झाली की ते फाईलमध्ये जाईल, आणि मग हा विषय काही वर्षं कुणी काढणार नाही, असं त्या म्हणाल्या.

विषय बदलून जखमांकडे वळण्याचाही विचार झाला. दोन आठवडे उरले होते आणि प्रमाणपत्रासाठी काहीतरी पूर्ण झालेलं दाखवायचं होतं. हा मोह खरा होता. शेवटी आम्ही प्रकल्पाची मुदत तीन महिन्यांनी वाढवली. हा निर्णय माझा होता, आणि त्यासाठी मला अभ्यासक्रमाच्या समन्वयकांशी वाद घालावा लागला.

उरला तो पर्याय कामाची वाट बदलण्याचा. त्यासाठी भूलतज्ज्ञांकडे जावं लागणार होतं, आणि आमच्या गटात भूलतज्ज्ञ नव्हते. आम्ही त्यांना बोलावलंच नव्हतं.

काय केलं

विभागाच्या वरिष्ठ भूलतज्ज्ञांशी पहिली भेट इनचार्ज सिस्टरांनी घेतली. मी व्हिडिओ कॉलवर होते. सिस्टरांनी संशोधनाचा सारांश पुढे केला तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "सिस्टर, दोन तासांचा नियम मी शिकत असल्यापासून मला माहीत आहे. तो तुम्ही मला सांगू नका. मला लिस्टची खात्री द्या."

नियम सिस्टरांना माहीत, डॉक्टरांनाही माहीत, आणि रुग्ण तरीही तहानलेला. आम्ही सहा आठवडे ज्ञानातली दरी बुजवत होतो, आणि ती दरी तिथे नव्हतीच.

लिस्टची खात्री मात्र कुणालाच देता येत नव्हती. तोडगा रात्रपाळीच्या सिस्टरांनी काढला. ओटी नऊला सुरू होते आणि पहिल्या रुग्णाला साडेआठच्या आत भूल दिली जात नाही. मग सकाळी सहाला लिस्टवरच्या प्रत्येकाला एक ग्लास पाणी द्यायचं. क्रम कसाही फिरला तरी कुणाच्याही बाबतीत दोन तासांचा नियम मोडत नाही. एवढी साधी गोष्ट कुणाला सुचली नव्हती, कारण सगळे क्रम पक्का कसा करायचा याच विचारात होते.

भूलतज्ज्ञांनी लगेच होकार दिला नाही. ज्यांचं जठर उशिरा रिकामं होतं त्यांचं काय, असा त्यांचा प्रश्न होता. आतड्याला अडथळा असलेले, तीव्र आम्लपित्ताचा किंवा मधुमेहामुळे जठर मंदावण्याचा त्रास असलेले, तातडीच्या शस्त्रक्रियेचे रुग्ण, तसंच वजन आणि मधुमेहासाठीची जठर मंदावणारी नवी इंजेक्शनं घेणारे रुग्ण. हा आक्षेप रास्त होता, आणि त्यावरून या प्रकरणातला सर्वांत परिणामकारक निर्णय झाला. ऑर्डर शीटवरची छापील ओळ बदलली. नवी ओळ होती: "सकाळी ६ वाजता पाणी एक ग्लास द्यावे". तिच्या शेजारी एक चौकट होती: "पाणी देऊ नये, कारण ____". भूलपूर्व तपासणीत भूलतज्ज्ञ ती चौकट भरणार. आधी पाणी देण्यासाठी धाडस लागत होतं, आता न देण्यासाठी कारण लिहावं लागणार होतं. सिस्टरांवरचं ओझं तिथेच उतरलं.

दुपारच्या रुग्णांसाठी आणखी एक व्यवस्था केली. पहिली केस बाहेर आली की ओटीतल्या सिस्टरांनी वॉर्डाला फोन करायचा आणि ज्यांना अजून दोन तासांहून जास्त वेळ आहे त्यांची नावं सांगायची. त्यांना आणखी एक ग्लास. बदल आधी एकाच वॉर्डात, तोही आठवड्यातल्या दोनच ओटी दिवशी सुरू केला. दर शुक्रवारी पंधरा मिनिटांचा ऑनलाइन आढावा व्हायचा. आता त्यात भूलतज्ज्ञ आणि ओटीतल्या सिस्टरही बसू लागल्या.

दुधाचा चहा

बदल सुरू झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात एक केस चार तास पुढे गेली. रुग्णाने सकाळी सहाला दुधाचा चहा घेतला होता. दूध जठरात घन अन्नासारखं वागतं, त्याला सहा तासांचा नियम लागतो.

चूक रुग्णाची नव्हती. शीटवर "पाणी" लिहिलं होतं, पण रुग्णांसाठीचं माहितीपत्रक आम्ही अभ्यासक्रमाच्या साहित्यातून तयार केलं होतं. त्यात नितळ द्रवासाठी "पातळ पदार्थ" असा शब्द पडला होता. मराठीत दूध पातळच असतं. रुग्णाने पत्रक वाचलं आणि त्यात लिहिल्याप्रमाणे केलं. तो शब्द माझ्या नजरेखालून गेला होता. मार्गदर्शक सूचनेतला नेमका शब्द आपल्या भाषेत आणताना अर्थ सुटला, आणि तो पत्रक वाचणाऱ्या एकाही रुग्णाकडून आम्ही तपासून घेतला नव्हता.

त्या शुक्रवारच्या आढाव्याला मी धास्तावूनच बसले होते. सगळं इथेच थांबेल असं वाटलं. भूलतज्ज्ञांनीच सावरलं. आपण स्वतः पत्रकावर नजर टाकायला हवी होती, असं ते म्हणाले आणि शब्द बदलायला सांगितला. "फक्त साधं पाणी. चहा, कॉफी, दूध, रस काहीही नाही." नितळ रस आणि दूध नसलेला चहा शास्त्राप्रमाणे चालतो. ती सवलत आम्ही जाणूनबुजून सोडली. पुराव्यात जेवढं बसतं तेवढं सगळं पहिल्या दिवशी वॉर्डात आणायचं नाही, हे आम्ही त्या दिवशी ठरवलं. काहींना ही तडजोड वाटेल. मला ती बरोबर वाटते.

निष्पत्ती

वाढीव तीन महिन्यांच्या शेवटी पुन्हा पंचवीस नोंदी घेतल्या. सकाळच्या पहिल्या दोन केसमधल्या बहुतेक रुग्णांचं पाण्याविना राहणं तीन-चार तासांवर आलं होतं. दुपारच्या रुग्णांचं चित्र मिश्र होतं. फोन आला त्या दिवशी चांगलं, गडबडीच्या दिवशी फोन राहून गेला की सहा-सात तास. तरीही बारा तासांच्या वर कुणी नव्हतं. चहाच्या प्रसंगानंतर या कारणाने केस पुढे गेली नाही.

मळमळ, डोकेदुखी किंवा शीर सापडण्यातला त्रास कमी झाला का, हे आम्ही नीट मोजलं नाही. सिस्टर म्हणतात की फरक जाणवतो. पंचवीस रुग्णांवरून त्याबद्दल विधान करणं योग्य नाही आणि मी ते करत नाही.

पुढे इनचार्ज सिस्टरांची बदली झाली. त्यानंतरच्या महिन्यात ओटीतून येणारा फोन जवळपास बंद पडला. सहाचं पाणी मात्र सुरूच राहिलं, कारण ते शीटवर छापलेलं होतं. फोन सिस्टरांच्या आग्रहावर चालत होता. ते काम कुणाच्या जबाबदारीत लिहिलेलंच नव्हतं. नंतर ओटीतल्या केस हस्तांतराच्या नोंदवहीत "वॉर्डाला फोन केला, वेळ" असा रकाना आखला आणि गाडी हळूहळू रुळावर आली.

पुन्हा करायचं झालं तर

पहिली गोष्ट, वर्गात कोण बसणार हे विषय ठरल्यावर ठरवेन. आम्ही नावं आधी घेतली आणि विषय नंतर निवडला. त्यामुळे उपवासावर काम करणाऱ्या गटात ऑर्डरवर सही करणारे नव्हते आणि लिस्ट बदलल्याचं ज्यांना आधी कळतं तेही नव्हते. आता आम्ही विषयाचा एक पानी आराखडा मागवतो. ज्याच्या सहीने ती पद्धत चालते तो माणूस गटात नसेल, तर प्रवेश देत नाही. यामुळे काही गट गळतात, त्याचं वाईट वाटतं. पण पाच चांगल्या माणसांना आठ आठवडे शिकवून छापील आदेशासमोर एकटं सोडणं त्याहून वाईट आहे.

दुसरी, रात्री दहापासून भूल देईपर्यंत काय घडतं हे लिहून घेण्याचं काम पहिल्याच आठवड्यात करेन, पुरावा शोधण्याच्याही आधी. चौथ्या आठवड्यातल्या गुणांनी आम्हाला गाफील केलं. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये मांडलेल्या प्रशिक्षण मूल्यमापनाच्या चार पायऱ्या, म्हणजे प्रतिक्रिया, शिकणं, वागणं आणि परिणाम, आम्ही स्वतः शिकवत होतो. मोजत मात्र फक्त पहिल्या दोन होतो.

मुलांच्या वॉर्डाचा प्रश्न अजून पडून आहे. २०२२ च्या युरोपीय मार्गदर्शक तत्त्वांनी मुलांना भुलेच्या एक तास आधीपर्यंत नितळ द्रव देण्याला पाठिंबा दिला आहे. तिथले भूलतज्ज्ञ अजून तयार नाहीत, आणि त्यांच्या आक्षेपांत तथ्य किती हे आम्ही अजून नीट ऐकून घेतलेलं नाही.

सहा महिन्यांनी मी त्या वॉर्डाच्या आढाव्यात पुन्हा सामील झाले. रात्रपाळीला एक नवीन सिस्टर होत्या, आमच्या प्रशिक्षणात नसलेल्या. सकाळी सहाला त्यांनी सगळ्यांना पाणी दिलं होतं, नोंद चोख होती. का देता, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "शीटवर आहे ना."

मला आनंदही झाला आणि चुटपुटही लागली. बाटली उचलतानाही सिस्टरांकडे हेच उत्तर होतं. पुढच्या छपाईत त्या ओळीखाली बारीक अक्षरांत एक वाक्य घातलं आहे: पाणी दोन तासांत जठरातून पुढे जाते, म्हणून सहाला दिलेले पाणी सुरक्षित आहे. नवीन सिस्टरांच्या पहिल्या रात्रपाळीआधी ते वाक्य त्यांच्यासोबत वाचायचं, असं विषय आणणाऱ्या त्या सिस्टरांनी स्वतःकडे घेतलं आहे.